मुलांच्या क्लबातली

जर्मनीत कार्ल्सरूहेतल्या विद्यार्थिनींच्या क्लबात तनयाचा अर्ज आला, तेव्हा सगळ्याजणींनी नाकं मुरडली. दोन वर्षं ती शेजारच्या मुलांच्या क्लबात मदतनीस होती. समारंभासाठी केक करायचे, टेबलं लावायची आणि सभा सुरू झाली की बाहेर थांबायचं. सभासद फक्त मुलगे.

तिथे डाळ शिजली नाही म्हणून बाई इकडे वळल्या, असं ईप्सितालाही वाटलं. पण क्लबातली ती एकटीच मराठी, त्यामुळे तनयाला तोंडावर नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने मधला मार्ग सुचवला, तो सगळ्यांना पटला, आणि तोच निरोप द्यायला ती स्वयंपाकघरात गेली. तिथे तनया कुणी न सांगताच सगळ्यांचे कप विसळत होती.

"हे बघ, नाही म्हटलेलं नाहीये. वर्षभर आम्हाला मदत कर, मुलींना तुझी सवय होऊ दे. मग सभासदत्वाचं बघू."

तनयाने नळ बंद केला, हात पुसले आणि खुर्चीवरचं जॅकेट उचललं.

"मुलांनीही पहिल्या वर्षी हेच सांगितलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "अर्धे कप राहिलेत. तेवढे तुम्ही विसळून घ्या."