वळायलाही जागा नाही

"वळायलाही जागा नाही इथे," ओट्यापाशी सून माझ्या मुलाशी पुटपुटली. टाकीतल्या माशांचंच चाललं असेल, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली. गप्पीला पिल्लं झाली, तेव्हा मोठे मासे गिळतील म्हणून मी ती टाकीतच एका जाळीत वेगळी ठेवली होती. आज सोडू, उद्या सोडू म्हणता म्हणता चार महिने गेले. आज बघते तर त्या पिल्लांनाच जाळीत पिल्लं झालेली. आजी व्हायची माझी हौस अशी फिटली.

"आता मोठी जाळी आणू या," मी म्हणाले.

मुलगा नखं बघत बसला. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

शेवटी सूनच हळूच म्हणाली, "जाळी नको, आई. आम्ही जागा बघितलीय."