लिस्बन ते हेलसिंकी

"हेलसिंकी आलं," शेजारचा प्रवासी म्हणाला, तेव्हा शर्वरीच्या हातातल्या रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

लिस्बन सोडून वीस मिनिटंही झाली नव्हती. साडेतीन हजार किलोमीटरांच्या या प्रवासाला पूर्वी पाच तास लागत. वडील गेले तेव्हा शर्वरी तसल्याच जुन्या, संथ विमानाने निघाली होती. वाटेत तिने पोटभर रडून घेतलं आणि आईसमोर सावरून उभी राहिली. आताचं यान आभाळापलीकडे जाऊन लगेच खाली उतरायचं. आज सकाळीच तिच्या लेकीचं, ईराचं, बाळ पोटातच गेलं होतं. आणि तिला काय म्हणायचं, हे शर्वरीला अजून सुचलं नव्हतं.

बाहेर जावई निखिलेश उभा होता.

"आई, चला. ईरा वाट बघतेय."

"जरा बसू या का रे?" असं म्हणून ती बाकावर टेकली आणि तिला हुंदका फुटला. निखिलेश सकाळपासून सगळ्यांना धीर देत होता. तो तिच्या शेजारी बसला आणि तोही रडू लागला.

दोघं हॉस्पिटलात पोचली तेव्हा ईरा छताकडे बघत पडली होती.

"इतका वेळ कुठे होतीस गं आई?"

"विमानतळावर. रडत बसले होते."

ईराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मला रडूच येत नाहीये गं."

शर्वरी चपला काढून पलंगावर चढली आणि लेकीला कुशीत घेऊन म्हणाली, "येईल तेव्हा येईल. मला परत जायची घाई नाही."