शेवटचा पदर

पडद्यावरच्या दोन रेघा पुन्हा जोडीने हलल्या. वरची रेघ पात्रात ठेवलेल्या आतड्याच्या तुकड्याच्या आकुंचनाची, खालची त्याच्या अस्तरातल्या विजेची. वरची उठली की खालचीही उठायची. आठवडाभर हेच चाललं होतं. खरं तर वरची रेघ सपाट हवी. स्नायू सोलून काढलेला तुकडा हलेल कशाला?

प्रयोगशाळेत आतडं सोलावं ते ताईंनीच, असा बावीस वर्षांचा लौकिक. बाहेरचा स्नायू चिमट्याने अस्सा उतरवायच्या, की खाली नुसतं अस्तर उरे. पण चार महिन्यांपासून डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं होतं. मोतीबिंदू आहे, हे त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि नजर गेलेल्या हाताला इथे कोण ठेवून घेणार? झाकली मूठ त्यांनी झाकलीच ठेवली.

प्रयोगशाळा चालवणारे सर वैतागले होते. कुठेतरी स्नायू उरलाय, तुकडा हलतोय, त्या धक्क्याने अस्तराला लावलेल्या तारा हलतात आणि खालची रेघ उगाच नाचते, असं त्यांचं म्हणणं. ते एकदाचं सिद्ध करायला त्यांनी मज्जातंतू बधिर करणारं औषध पात्रात सोडलं. नुसता धक्का असेल, तर औषधाने काही फरक पडायचा नाही.

वरची रेघ उठतच राहिली. खालची निमूट आडवी झाली.

सर पडद्याजवळ सरकले. तुकडा हलत होता, तारा हलत होत्या, तरी अस्तर गप्प होतं. म्हणजे धक्का नव्हताच. स्नायू आणि अस्तर यांच्यात निरोप नेत होतं ते मज्जातंतूंचं जाळं. आणि ते जाळं तर एरवी स्नायूबरोबरच सोलून निघतं.

"ताई, सोलताना वेगळं काय केलंत? मला पुन्हा अगदी तसंच हवंय."

हाताची सफाई म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"वेगळं काही नाही, सर. स्नायूचा शेवटचा पातळ पदर मला आता दिसतच नाही. तो मागे राहतो."

सोललेले स्नायू टाकायचा डबा सरांनी पायाने पुढे ओढला.

"डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या आणि लवकर परत या. आता तो पदर जाळ्यासकट, नीट बघून मागे ठेवायचाय. डोळे धड होते तेव्हा बावीस वर्षं आपण तो यातच टाकत होतो, ताई."