राहून गेलेली पायरी

“आली बघा पुन्हा वर!” बेबीनंदाने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. “धन्यवाद म्हणे! सत्यशीला मॅडमला मनापासून धन्यवाद!”

“मंग तुम्ही बी लिहा ना, मॅडम,” डबा खाता खाता रामराव गुरुजी म्हणाले.

“मी? मेले तरी न्हाई.”

कुंभार पिंपळगावच्या त्या शाळेत पोरं ‘अक्षरगाडी’वर वाचायला शिकत. ॲप फुकट. हौशी मंडळींनी मिळून बनवलेलं. काही बिघडलं तर कुणीही त्यांच्या पानावर लिहावं, अख्ख्या जगाने वाचावं. बेबीनंदाने एकदा लिहिलं होतं, ‘ॲप चालत नाही. जल्दी दुरुस्त करा.’ ॲप सांभाळणाऱ्या सोमेश्वरने खाली विचारलं, तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय? झालं! बाईंचा पारा चढला. “माझीच परीक्षा घेऊन राह्यला! आता एक अक्षर लिहिणार न्हाई,” असं तिने सत्यशीलाला ठणकावून सांगितलं.

सत्यशीला याच शाळेतली, तिची डी.एड.पासूनची मैत्रीण. तिने समजूत काढली नाही की काही नाही. उलट काही दिवसांत स्वतःच लिहायला लागली. हे उघडलं, ते दाबलं, असं झालं. खाली लगेच सोमेश्वरचा धन्यवाद.

बेबीनंदा जळली. सरळ सांगायचं तर ती रोज ते धन्यवाद मोजत बसायची.

त्यात बातमी आली. नवे धडे पोरांच्या हाती जाण्याआधी तपासायला जालना जिल्ह्यातून एक शिक्षक घेणार. एकच. अर्धं आयुष्य पोरांना वाचायला शिकवण्यात गेलेलं, बेबीनंदाला ते काम जिवापाड हवं होतं. पण शपथ खाऊन बसलेलीला कोण विचारतो? निदान सत्यशीलाला तरी मिळू नये, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

सत्यशीलाने लिहिलं होतं, ‘धडा उघडला, वाचून दाखव दाबलं, ॲप बंद पडलं.’ बेबीनंदाने आपल्या फोनवर तेच केलं. ॲप मजेत वाचत राहिलं. “खोटारडी!” ती हरखली. पण वर्गातल्या टॅबवर मात्र बंद पडलं. असं कसं? तिने मधली सुट्टी त्यातच घालवली. टॅबवर अक्षरं मोठी केलेली होती, मागच्या पोरांना दिसावीत म्हणून. लहान केली, चाललं. मोठी केली, पडलं. तिने शपथ गुंडाळून ठेवली आणि पानावर लिहिलं, ‘मॅडमच्या पायऱ्या अपुऱ्या आहेत. आधी अक्षर मोठं करा, मग धडा उघडा, तरच ॲप बंद पडतं. फोन आणि टॅब, दोन्हीवर करून पाहिलं.’

किती गोड वाटलं म्हणून सांगू!

मग तिला चटकच लागली. सत्यशीलाने लिहावं आणि हिने भोक शोधावं. कधी नेट बंद करायचं सांगायचं राहिलेलं, कधी फोन आडवा धरायचं.

“सत्यशीला, हे बी दिसलं न्हाई का तुला?”

“राहूनच गेलं गं,” सत्यशीला भाकरी मोडत म्हणायची. “तुझी नजर लई बारीक.”

बेबीनंदाला तो टोमणाच वाटायचा.

बाजाराच्या दिवशी सोमेश्वरचा फोन आला. “मॅडम, जिल्ह्यातून आम्ही तुमची निवड केली. तुमच्यासारखं बराबर कुणीच लिहीत नाही. वाचलं की चूक जशीच्या तशी आमच्याकडे घडते.”

बेबीनंदाला आभाळ ठेंगणं झालं. पण एवढ्यावर गप्प बसेल तर ती बेबीनंदा कसली?

“सर, एक सांगते. वाईट वाटून घेऊ नका. त्या सत्यशीला मॅडमला लिहायचं बंद करायला सांगा. दर टायमाला एक पायरी सोडतेत. उगा तुमचा वेळ जातो.”

“त्यांनी कालच बंद केलं, मॅडम. तुमची निवड कळवली ना त्यांना, तेव्हाच. आणि आमचा वेळ कुठे जायचा? त्या पूर्ण रिपोर्ट आधी आम्हाला पाठवायच्या. मग त्यातली एक पायरी काढून पानावर टाकायच्या. मी विचारलं, असं का, ताई? तर म्हणाल्या, माझी चूक सापडल्याबिगर आमची बेबी हातात लेखणी धरत न्हाई.”