हलक्या हाताची बाई

धनवंता दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"गीताबाई, उद्या दहावा आहे जवायाचा. तू चाल."

"येतो ना. पोरीजवळ बसन."

"बसाले नाही. बांगड्याले."

गीताबाईच्या हातातलं सूप थांबलं.

तीस वर्षं गावात कोणाचाही नवरा गेला की बांगड्या उतरवायला गीताबाईलाच बोलावणं यायचं. स्वतः विधवा आणि हात हलका. बाकीच्या गावांत बायका दगडानं फोडायच्या. गीताबाई मनगटाला साबण लावून, अंगठ्याखालचं हाड दाबून, एकेक बांगडी सरकवत काढायची आणि मग बाजूला नेऊन फोडायची. एकीलाही कधी ओरखडा आला नाही. एखाद्या सुईणीचं असतं तसं तिचं नाव होतं.

मागच्या महिला दिनाला ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. विरोधात होते त्या चौघांनीही टाळ्या वाजवल्या. गीताबाईला शाल-श्रीफळ देऊन माईकवर शपथ घ्यायला लावली, की हे काम पुन्हा करणार नाही. गोंदियाहून आलेल्या मॅडमनी सांगितलं, दूर आइसलँड नावाच्या देशात बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, तर देश बंद पडला. गीताबाईला ते फार आवडलं. "मी बी काम बंद ठेवलं," असं ती त्यानंतर चारचौघींत सांगायची.

"शपथ घेतली ना मी," ती आता म्हणाली. "तूच त पुढं बसून टाळ्या वाजवून राहिली होती."

"ठराव आपल्या गावचा. पोरगी नाल्यापलीकडं दिली."

"त सरपंचाले घेऊन जा. कागद दाखव."

"दाखवला. पोरीचा सासरा, लखनलाल याही म्हणे, आमच्या गावात पास होईन तवा पाहू. सध्या पोरगा गेला आमचा." धनवंतानं पदर तोंडाला लावला. "त्यांच्या गावची बाई वरवंट्यानं फोडते वो. मागं एकीची नस कापली होती. होणार त आहेच गीताबाई. तुह्या हातानं होऊ दे."

गीताबाईनं सूप भिंतीला टेकवलं. देश बंद पाडायला किती बायका लागतात ते मॅडमनी सांगितलं नव्हतं. एका बाईनं काम बंद ठेवलं, तर शेजारच्या गावची बाई मिळते, एवढं मात्र तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठाशी बायकांचा घोळका होता. पुरुष वर पाळीवर, तलावाच्या बांधावर, पाठ करून बसले होते. पाठी तिकडे, कान इकडे. कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकखाली गेलेल्या टिकेशची आई वारंवार भोवळ येऊन पडत होती. सोनिका मधोमध बसली होती, तेवीस वर्षांची, हिरव्या बांगड्यांचे दोन्ही हात मांडीवर ठेवून. शेजारी वरवंटा घेऊन त्यांची बाई तयार होती. गीताबाई पुढं झाली तशी ती तोंड वाकडं करून बाजूला सरकली.

सोनिकानं वर पाहिलं.

"काकी, तू? तू त बंद केलं होतं ना वो."

"हात दे बाई."

"नाही म्हणाले आली असशीन असं वाटलं मले."

गीताबाईनं साबणाची वडी पाण्यात बुडवली. फेस मनगटावर चोळला, अंगठा आत दुमडला, हाड दाबलं. पहिली बांगडी न वाजता निघाली. दुसरी निघाली. दरेकशाच्या जत्रेतून घेतलेल्या, नाजूक काचेच्या होत्या, तरी एकही तडकली नाही. डावा हात झाला, मग उजवा. सगळा ढीग गीताबाईच्या ओच्यात. एवढं नीट काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, अशाच बांधून न्याव्यात, कोणाला काय कळणार?

पाळीवरून लखनलालचा आवाज आला. तो वळला नव्हता.

"काऊन, आवाज नाही आला?"

धनवंतानं गीताबाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

गीताबाईनं ओचा दगडावर रिकामा केला. वरवंटा मागून घेतला आणि मारला. दोनदा मारला. पाळीवरचे पुरुष उठले, धोतरं झटकली आणि रांगेनं गावाकडं निघाले.

बायका सोनिकाच्या तोंडाकडं पाहत होत्या.

"डोयात थेंब नाही," वरवंट्याची बाई म्हणाली. "नवरा गेला का पावणा गेला?"

धनवंता लेकीची मनगटं उलटीपालटी करून पाहत होती. गोऱ्या पडलेल्या दोन पट्ट्यांवर बोट फिरवत ती गीताबाईच्या पायाशी वाकली. "ओरखडा नाही वो आला. लय उपकार झाले बाई."

सोनिकानं हात सोडवून घेतले. ती गीताबाईशी बोलली, पण अगदी हळू, शेजारचीलाही ऐकू जाणार नाही इतकं.

"थोडं लागू द्याचं होतं, काकी. रडाले त आलं असतं."