फळीवरची काडेपेटी

"काका, दारात खांबासारखे उभे राहू नका. आत या, नाहीतर बाहेर जा. सगळी ऊब चाललीय," तायसिया म्हणाली.

सावेली आत आला. कोट काही त्याने काढला नाही. गावच्या दवाखान्यात खाट एकच, आणि नर्सही एकच, ती म्हणजे ही तायसिया. खाटेवर एक शहरी माणूस बसला होता. काल जंगलातून सावेलीनेच त्याला बेशुद्ध अवस्थेत स्नोमोबाईलला बांधून आणलं होतं. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत होते. जिल्ह्याहून हेलिकॉप्टर निघालं होतं. तिथे त्याची गारठून मेलेली बोटं कापणार होते. किती, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

"सावेली पेत्रोविच तुम्हीच ना?" तो माणूस उठायला गेला. "हात मिळवला असता, पण पंचाईत आहे."

"बसा, बसा."

त्याचं नाव वादिम. टॅक्सी कंपनीत फोन घ्यायचं काम. दिवसभर लोक कानात ओरडायचे. "एक दिवस वाटलं, पुरे. महिनाभर कुणाचा आवाज नको. आणि खरं सांगू? सुरुवातीला स्वर्ग होता. नुसता तंबूबाहेर बसून राहायचो. बर्फ पडताना ऐकू येतो, माहितीय तुम्हाला?"

"यांना माहीत नसेल होय!" तायसिया म्हणाली. "घरी काकू बोलायला लागली की हेही तिकडेच पळतात."

एरवी सावेली हसला असता.

मग एक दिवस वादिमच्या पायाखाली नदीवरचा बर्फ फुटला होता. वादिम कसाबसा बाहेर आला, पण पाठीवरचं सामान, तंबू, लायटर, सगळं पाण्यात गेलं. अंधार पडता पडता त्याला सावेलीचं खोपटं दिसलं. दार उघडंच होतं. जंगलातल्या खोपट्याला इथे कुणी कुलूप लावत नाही. निघताना शेगडीजवळ सुकी लाकडं आणि चटकन पेट घेणारी बर्च झाडाची साल ठेवायची, फळीवर काडेपेटी. तीन-चार काड्यांची गुलाची टोकं पेटीबाहेर ओढून ठेवायची, म्हणजे बोटं गारठून गेलेल्या माणसाला त्या दातांनीही काढता येतात. सावेलीच्या बापाने ही रीत कधी मोडली नाही. सावेलीनेही मोडली नव्हती.

पण या उन्हाळ्यात एकांत शोधत आलेल्या कुणा शहाण्यांनी त्याचा बाक फोडून जाळला आणि दारात रिकाम्या डब्यांचा ढीग करून गेले. सप्टेंबरात खोपटं बंद करताना सावेलीने रीतीप्रमाणे सगळं मांडलं, गुलही ओढून ठेवले. उंबऱ्यावर आल्यावर त्याचं डोकं फिरलं. आपल्या माणसाच्या खिशात आग असतेच. अडेल तो शहरातला. अडू दे की! तो मागे फिरला आणि पेटी उचलून कोटाच्या आतल्या खिशात टाकली. हाच कोट.

काल सकाळी शिकारीच्या हंगामासाठी तो खोपट्यावर पोचला, तेव्हा शेगडीत लाकडं रचलेली होती. खाली साल, तिच्यावर बारीक चिरफळ्या, वर ओंडके. इतकं नीट त्याच्या स्वतःच्या मुलालाही जमलं नसतं. शेगडी थंडगार होती आणि तिच्याशेजारी सगळी कातडी-पांघरुणं ओढून हा पडलेला.

"एक विचारू?" वादिम म्हणाला. "काडेपेटी कुठे होती?"

सावेलीने कोटाचं वरचं बटण लावलं.

"फळीवर ठेवतात असं ऐकलं होतं. मी चाचपलं, पण बोटांना काही कळतच नव्हतं. मग तोंड लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठांनी. नुसती धूळ."

"तुमच्याच हाताने खाली पडली असणार," तायसिया म्हणाली. "यांच्या खोपट्यात काडेपेटी नाही, असं व्हायचंच नाही. कुणालाही विचारा गावात. काका, सांगा ना त्यांना."

सांगायची वेळ हीच होती. सावेलीला ते कळत होतं.

"फळीवरच असते," तो म्हणाला.

शब्द खोटे नव्हते. त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"म्हणजे माझाच धांदरटपणा." वादिमला हायसं वाटलेलं दिसलं. "नाही, मला एवढीच काळजी होती. ठेवायची राहून गेली असेल, तर तुम्ही उगाच मनाला लावून घ्याल."

बाहेर हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली. दोघांनी मिळून वादिमला घसरगाडीवर बसवलं आणि गावाबाहेरच्या मोकळ्या माळापर्यंत ढकलत नेलं. हेलिकॉप्टर उतरेपर्यंत थांबायचं होतं.

"एक सिगरेट मिळेल?"

"दोनच झुरके हं," म्हणत तायसियाने स्वतःची एक त्याच्या ओठांत ठेवली. "काका, आग द्या."

सावेलीचा लायटर पँटच्या खिशात होता. हात तिकडे गेला आणि थांबला. मग त्याने कोटाची बटणं सोडली, आत हात घातला आणि पेटी काढून वादिमसमोर धरली. पेटी अर्धवट उघडी होती. चार गुल बाहेर आले होते.

"अहो काका, ही तर..." तायसिया बोलता बोलता थांबली.

वादिम पेटीकडे बघत राहिला. मग सावेलीकडे. मग त्याने सिगरेट बर्फात पडू दिली, पुढे वाकला आणि एक काडी दातांत धरून ओढली.

काडी सहज निघाली.