पाच वाजायला दहा मिनिटं

“माझ्या सत्रात मिनिटाचा काटा इकडचा तिकडे होत नाही!” असं जिन्यात छाती फुगवून सांगत सेक्रेटरींनी खिशात हात घातला, आणि हॉलची किल्ली घरीच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

सूनबाई स्कूटरवरून जाऊन किल्ली घेऊन येईपर्यंत घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेचे चाळीस सभासद जिन्यात ताटकळले. अकरा वाजून गेले की वाजायचेत, यावर चार मतं पडली. प्रत्येकाच्या मनगटावर पुरावा होता.

कार्यक्रम साधाच होता. सहा भाषणं, प्रत्येकी पाच मिनिटं. तिघं हॉलमध्ये, तिघं आपापल्या घरून पडद्यावर. पाच मिनिटं झाली की सेक्रेटरी पितळी घंटा वाजवणार. या घंटेपायी लोक त्यांना मागून ‘ठणठण’ म्हणायचे.

तोंडावर ठणठण म्हणणारा एकच, भिंग्या. दोघं एकाच दुकानात, एकाच टेबलाशी काम शिकले. डोळ्याचं भिंग काढायला विसरून तो तसाच जेवायला बसायचा, म्हणून भिंग्या. बारा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये तो बोलत होता. “माझे वडील दुकान बंद करताना रोज...” आणि ठण्ण! पाच मिनिटं संपली होती. सगळा हॉल हसला. भिंग्यानं वाक्य तिथंच टाकलं, चपला घातल्या आणि जिना उतरला. पुन्हा चढला नाही. पुढे तो मुलीच्या गावी राहायला गेला.

ते अर्धं वाक्य सेक्रेटरींच्या घशात अडकून बसलं होतं. मेलं, एवढं काय अडलं होतं घंटा वाजवायचं?

दोन महिन्यांपूर्वी मनाचा हिय्या करून त्यांनी भिंग्याला आमंत्रण धाडलं. उत्तर नाही. गेल्या आठवड्यात सगळ्या वक्त्यांना सूचना गेली : नेटचं कारण सांगून कुणीही रेकॉर्डिंग पाठवू नये, थेटच बोलायचं, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी भिंग्याच्या बायकोचा फोन आला.

“भाऊजी, यांचं भाषण होईल. शेवटचा नंबर द्या. आणि ती घंटा...”

“नाही वाजवणार, वहिनी. शप्पथ. जरा त्याला फोन देता?”

“आत्ता नको. तुमचं काय असेल ते त्या दिवशीच बोला.”

अजून रुसलाय लेकाचा, असं म्हणत सेक्रेटरींनी यादीत शेवटी भिंग्याचं नाव लिहिलं आणि समोर गुपचूप ‘दहा मिनिटं’ असं टाकलं.

सत्र सुरू झालं. पहिला वक्ता माइक बंद ठेवून तावातावानं बोलला. दुसऱ्यानं माइक सुरू केला, तेव्हा त्याचे कागद पहिल्याच्या पिशवीत गेलेले निघाले. पडद्यावरच्या एकाचं नुसतं कपाळ दिसलं. दुसरा लंबकावर रंगात आला होता, तेवढ्यात त्याच्या घरातून आवाज आला, “दूध उतू गेलं, आणि तुम्ही भाषणं कसली ठोकताय!” सेक्रेटरींनी सगळ्यांना ठणकावलं. तरी साडेअकराला संपायचं सत्र सव्वाबारापर्यंत लांबलं.

“बाबा, शेवटचे आहेत ना आता?” लॅपटॉपवरून सूनबाईनं विचारलं.

सेक्रेटरींनी घंटा रुमालात घट्ट गुंडाळली आणि खिशात कोंबली. “घे.”

पडद्यावर भिंग्या आला. वाळला होता. मागच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, आणि त्यात पाच वाजायला दहा मिनिटं होती. चाळीस घड्याळजी खो खो हसले.

“अरे, स्वतःचं तरी दुरुस्त कर की!” कुणीतरी ओरडलं.

भिंग्यानं लक्ष दिलं नाही. घसा खाकरला.

“तर, मी काय सांगत होतो? माझे वडील दुकान बंद करताना रोज एका घड्याळाला चावी देऊन ते टेबलावर चालू ठेवायचे. म्हणायचे, आपण नसताना दुकानात कुणीतरी जागं पाहिजे.”

भिंग्या वडिलांबद्दल बोलला, त्या जुन्या टेबलाबद्दल बोलला, दोघांत मिळून असलेल्या एकाच पेचकसाबद्दल बोलला. मग पडद्यातून नीट समोर बघत म्हणाला, “ठणठण, आता तुला काहीतरी बोलायचं असेल. बोल बाबा.”

सेक्रेटरी लॅपटॉपजवळ गेले. “चुकलो रे,” ते म्हणाले. “एवढ्याशा मिनिटासाठी... चुकलो.”

भिंग्या बराच वेळ नुसता बघत राहिला. मग हसला. “बरं. झालं ना? वाजव आता घंटा.”

सेक्रेटरींनी ‘नाही’ म्हणून जोरजोरात मान हलवली. खिशातून रुमाल ओढून डोळे पुसले. भिंग्या पडद्यावरून गेला आणि वहिनी दिसू लागल्या.

“नीट दिसलं ना, भाऊजी?”

“अगदी नीट, वहिनी! त्याला सांगा, रविवारी मी येतो हत्यारं घेऊन. आधी ते भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करतो.”

“घड्याळ बरोबर आहे,” वहिनी म्हणाल्या. “बोलले तेव्हा पाच वाजायला दहाच मिनिटं होती. गेल्या महिन्यात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तिथून परत आले नाहीत. तुम्ही रेकॉर्डिंग चालणार नाही म्हणालात, म्हणून मी बोलले नाही.”

सेक्रेटरी मटकन खुर्चीत बसले. खिशातली घंटा वाजली.